आधीची यादी, नंतरची यादी

गेल्या वर्षी यादी केली नव्हती,
म्हणून गिर्यारोहकांच्या पुस्तिकेत
आठशेच्या आठशे प्रतींवर
सह्याद्रीच्या दऱ्या
सह्याद्रीच्या दर्या झाल्या.
समुद्र घाटमाथ्यापर्यंत चढला,
आणि पान अकराच्या खर्चात
आचाऱ्यांचे पैसे आचार्यांना गेले.
मंडळी सभ्य होती. बिल निम्मंच दिलं.

म्हणून आज दुपारी, नारायण पेठेत,
शटर अर्धं ओढून,
नवं सॉफ्टवेअर टाकायच्या आधी
संगणकातल्या साऱ्या फाइलींची यादी छापून घेतली.
नाव, आकार, तारीख, वेळ.
चौतीस पानं, पाठकोऱ्या कागदांवर;
मागच्या बाजूला कुणाच्या तरी मुंजीचं निमंत्रण.

तपकीर गल्लीतून आलेला ओवेस हसला.
"मावशी, काही होत नसतं,"
आणि पुढे, पुढे, मान्य, पुढे
असं दाबत गेला,
जसे यजमान पळीपळीने पाणी सोडत राहतात
गुरुजी काय म्हणतायत ते न ऐकता.

हिरवी पट्टी सरकत राहिली.
ती किती भरलं ते दाखवते.
कशावर भरलं, ते नाही.

मग नंतरची यादी.
दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी, वर फूटपट्टी.
प्रेसमध्ये आम्ही असंच करायचो:
एकाने मूळ वाचायचं, स्वल्पविरामासकट, मोठ्यांदा,
दुसऱ्याने प्रूफ धरायचं.
आज दुसरं कोण? ओवेसलाच बसवलं.
आठ सात शून्य चार, आहे का मावशी?
आहे.
चहा आला, साय धरून बसला.
त्रेसष्ट बदललेल्या निघाल्या.
काहींचं पोट फुगलेलं,
काही नव्यानेच राहायला आलेल्या,
दोन चक्क गायब.
त्या दोघींचं मला काहीच वाटलं नाही,
त्या काय काम करायच्या
तेच कधी विचारलं नव्हतं.

चोविसाव्या पानावर ओवेस अडखळला.
"तारू चार. आधी एकोणऐंशी हजार सहाशे बारा.
आता अठ्ठ्याहत्तर हजार नऊशे."
नाव तेच.
दारावर पाटी तीच, आत बिऱ्हाड दुसरं.

सातशे बारा बाइट.
एवढ्यात हणमंत तारू मावतात.

एकवीस वर्षं खिळे जुळवलेला माणूस,
प्रेस बंद पडल्यावर माझ्याकडे आला.
माऊस धरताना करंगळी वर ठेवायचे,
हातात अजून चिमटा असल्यासारखी.
फॉन्टमधला अर्धा र त्यांना पटेना,
तो पापणीसारखा,
पुढच्या अक्षराला हलकेच टेकणारा.
"बाई, हा दुसऱ्यांचा र आहे," म्हणाले,
आणि दिवाळी अंकाच्या धांदलीत
तीन रात्री बसून त्याला वाक दिला.
थोडा जास्तच दिला.
सही कुठेच नाही. फाइलीला नाव मी दिलं.

नव्या फाइलीतही अर्धा र आहे.
चूक म्हणाल तर काहीच नाही.
मापातला, गुळगुळीत, कुणाचाही.

जुनी प्रत पेनड्राइव्हवर होती,
ती आठशे प्रतींची शिकवण.
परत टाकली. म्हटलं, आता हिला कुलूप घाल.
ओवेसने एक खूण केली: फक्त वाचण्यासाठी.
"आता हिच्यावर कुणी लिहिणार नाही.
म्हणजे तुम्हीसुद्धा नाही, मावशी."

मी नुसतंच टाइप करत बसले,
कुऱ्हाड, चऱ्हाट, पायऱ्या, तऱ्हा,
दऱ्या, दऱ्या, दऱ्या.
"हे कशाचं मॅटर?"
कशाचंच नाही. बघतेय फक्त.

बाहेर कुणी शटर वाजवलं.
पत्रिका छापायची होती, अर्जंट.
वऱ्हाड हिंगोलीहून येणार म्हणाले.